रहमतचाचांचं अर्धं गाइड

तुम्ही कधी एखाद्या निरपराध माणसाविरुद्ध लिहिलं आहे का, आणि त्यासाठी लोकांच्या टाळ्या घेतल्या आहेत का?

मी घेतल्या आहेत. दिग्रसच्या बाजारात, भर दुपारी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून. ज्या माणसाचं नाव मी धुळीला मिळवलं त्याच्याविषयी इथे फार लिहिणार नाही. एकदा लिहिलं तेच जास्त झालं. त्याचं नावही देणार नाही. मला लिहायचं आहे ते रहमतचाचांविषयी. कथा कशाला म्हणतात हे त्यांनी मला शिकवलं. त्यांनी शिकवलेल्या शब्दाच्याच आड मी लपले, आणि तेही त्यांच्याच समोर.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, खरेदी केंद्राच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग, आणि गावोगाव फिरणाऱ्या मुंबई-दिल्लीच्या पत्रकारांच्या जीपा. मी तेव्हा वीस-एकवीसची. वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील प्रत्येक सभेतून, जयंतीतून, मोर्च्यातून पत्रकं आणत आणि वाचून झाली की आई ती भांड्यांच्या फळीवर अंथरी. मी वाचायला शिकले ते 'जाहीर निषेध' आणि 'प्रचंड संख्येने' या शब्दांवर. पंधराव्या वर्षी पहिलं पत्रक लिहिलं. विसाव्या वर्षापर्यंत माझी खात्री झाली होती की मराठीत वाक्यं दोनच प्रकारची असतात, मागणीची आणि धिक्काराची.

शेतकऱ्यांच्या बाजूनं बोलणाऱ्या आमच्या युवा मंचाची पत्रकं संगणकावर छापून देणाऱ्या दुकानदारांनी एकाएकी काम नाकारलं. त्यांची बाकीची गिऱ्हाइकं व्यापारी होती. म्हणून मी जुन्या बाजारामागच्या एका खोलीच्या छापखान्यात गेले. मालक आपल्या कापडाच्या दुकानात बसायचे. छापखाना सांभाळायचे रहमतचाचा. ते जुळारी होते, म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारे. पायानं चालणारं जुनं ट्रेडल मशीनही तेच चालवायचे. लग्नपत्रिका, श्रद्धांजलीची कार्डं, पावतीपुस्तकं, एवढंच काम आता त्यांच्याकडे उरलं होतं.

साठीचे असतील. अंगात बनियन, चष्म्याच्या एका काडीच्या जागी दोरा. उजवा हात शाईनं कायमचा काळा आणि डावा स्वच्छ. त्यांनी हातांची वाटणीच केली होती. उजवा खिळ्यांचा, डावा कागदाचा. चहाची बशी, गिऱ्हाइकाचा हात, सणावाराची मिठाई, सगळं डाव्या हातानं घ्यायचे. एकदा गणपतीचा प्रसाद वाटत आलेल्या मंडळींसमोर त्यांनी डावा हात पुढे केला, तर त्यातल्या एका आजोबांचं तोंड वाकडं झालं. चाचांनी उजवा पंजा उघडून दाखवला. म्हणाले, "आजा, ह्या हातात देलं तं बाप्पाचा पेढा नाही राहनार, कोळसा होईन." आजोबा हसले आणि त्यांनी पेढा सरळ चाचांच्या तोंडातच घातला.

दुसरी सवय अशी की ते उलटं वाचायचे. खिळे उलटे असतात, आयुष्य त्यांच्यात गेलेलं. तुम्ही त्यांच्यासमोर कागद धरून वाचत असलात की पलीकडे उभे राहून ते तुमच्या आधी ओळ संपवायचे. त्यांच्याकडे नेलेलं माझं पहिलं पत्रक त्यांनी असंच वाचलं, माझ्या हातात असतानाच.

"हे कोन बोलून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"लिवलं ना, 'आम्ही हे सहन करणार नाही.' आम्ही म्हन्जे किती जन?"

"सगळे. शेतकरी, मजूर, कष्टकरी."

"त्याईले इचारलं?"

"चाचा, पत्रक आहे. पत्रकात असंच लिहितात."

"मले मालूम हाय, बेटा. तीस साल झाले पत्रकं जुळवून राह्यलो. सगळ्यांचे 'आम्ही' जुळवू जुळवू माह्या पेटीतला 'म्ही' घासून गुळगुळीत झाला. पन थे किती जन व्हते, हे कोन्या लिवनाऱ्यानं अजून सांगतलं नाही." मग काळं बोट त्या शब्दावर न टेकवता, वरच्या वर धरून म्हणाले, "ह्या बोलनाऱ्याले निवेदक म्हन्तात."

मी चाट पडले. सातवी शिकलेल्या जुळाऱ्याच्या तोंडी 'निवेदक'!

भानगड अशी होती. खूप वर्षांपूर्वी एका प्राध्यापकांनी बी.ए.च्या पोरांसाठी एक गाइड लिहिलं होतं. कथा-कादंबरीचे घटक, त्यांच्या व्याख्या, अपेक्षित प्रश्न आणि उत्तरं. ते गाइड चाचांनी जुळवायला घेतलं. खिळे जुळवणारा माणूस अक्षराअक्षरानं वाचतो, त्यामुळे वाचलेलं त्याच्या अंगात मुरतं. कथानक, पात्र, निवेदक, दृष्टिकोन, वातावरण, संघर्ष असे सहा धडे झाले. मग उशिराच्या कारणावरून प्राध्यापकांचं आणि मालकांचं वाजलं आणि ते उरलेले धडे घेऊन अमरावतीच्या छापखान्यात गेले.

"म्हनून माह्यापाशी संघर्षापर्यंतच हाय," चाचा सांगायचे. "कळस आन शेवट अमरावतीले गेले."

"मग पुढचं वाचलं नाही कधी?"

"गाइड छापून आलं तवा इकत घ्याले गेलतो. दुकानदार म्हने, चाचा, तुमी कायले घेता? तुमी का बी.ए. करून राह्यले? मले लाज वाटली. वापस आलो."

त्या सहा शब्दांवर मात्र त्यांनी तीस वर्षं विचार केला होता, तोही समोर येणाऱ्या कागदांच्या आधारानं. गाइडमधल्या व्याख्या त्यांना पाठ होत्या, पण उदाहरणं त्यांची स्वतःची होती.

कथानक त्यांनी मला लग्नपत्रिकेवर शिकवलं. एका घराच्या पत्रिका छापून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील गठ्ठा घेऊन परत आले. थोरल्या मामाचं नाव धाकट्याच्या खाली आलं होतं. मामा जेवण सोडून बसला होता. पत्रिका पुन्हा छापल्या. चाचांनी दोन्ही पत्रिका माझ्यासमोर ठेवल्या.

"ह्या पयल्या कार्डात काय हाय? पोरगी, पोरगा, मुहूर्त. घटना हाय नुसती. आन ह्या दुसऱ्यात?"

"तेच आहे की. मामाचं नाव फक्त वर."

"थे नाव वर काहून गेलं हे तुले मालूम हाय न? मंग झालं कथानक. काहून गेलं, हे मालूम पडलं की झालं."

पात्र शिकवलं ते श्रद्धांजलीच्या कार्डांवर. गाइडमध्ये दोन प्रकार होते, सपाट पात्र आणि गोल पात्र. चाचांच्या मते श्रद्धांजलीच्या कार्डावरचे सगळे लोक सपाट. सगळे मनमिळाऊ, सगळे दानशूर, सगळे कर्तव्यदक्ष. "जुळवेल खिळे मोडायचं काम नाही पडत मले. नाव तेवढं बदलतो," म्हणायचे. एकदा एक म्हातारी नवऱ्याचं कार्ड करायला आली. मुलांनी लिहून दिलेला मजकूर तिनं ऐकला आणि म्हणाली, "हे कोन मेलं? हा तं माह्या नवरा नव्हे." चाचांनी विचारलं, मग काय लिहू? ती म्हणाली, "लिवा का चाळीस वर्षं मले भाकर गरम खाऊ नाही देल्ली, बसली का हाक मारे. आन मी बिमार पडली तवा सोताच्या हातानं जाळून-जाळून भाकरी केल्या, आन कोनाले सांगू नको म्हने." मुलांचं कार्ड मुलांच्या मजकुराचं छापलं. म्हातारीसाठी चाचांनी वेगळं एकच कार्ड छापलं, तिच्या शब्दांचं, काळी चौकट टाकून. त्याची चुकलेली एक प्रत त्यांच्या पेटीत होती. ती मला दाखवून म्हणाले, "मेल्यावर मानूस सपाट होतेच, बेटा. तुमी लिवनारे जित्याले कायले करता?"

वातावरण शिकवताना त्यांनी माझा एक शब्द धरला होता. मी लिहिलं होतं, 'भीषण परिस्थिती'. चाचांनी विचारलं, "भीषणाचा वास कसा येते?" मग स्वतःच म्हणाले, "तुह्ये वडील जिनातून घरी येतात तवा कायचा वास येते?" मी म्हणाले, सरकीच्या तेलाचा, आणि घामाचा, आणि कापसाची बारीक धूळ असते, ती नाकात बसते, वडील रात्रभर खोकतात. "लिव मंग," ते म्हणाले. मी आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य लिहिलं ज्यात मागणी नव्हती, धिक्कार नव्हता, आणि ते वाचून माझ्या आईनं कागद फळीवर न अंथरता ट्रंकेत ठेवला.

सहावा शब्द संघर्ष. त्याच्यावर मात्र आमचं भांडण व्हायचं.

"दोघंबी आपापल्या जागी खरे असन तं संघर्ष," चाचा म्हणायचे. "एक खरा आन एक खोटा, तं थे पत्रक."

"चाचा, कापसाच्या बाबतीत खोटा कोण हे स्पष्ट आहे. लुटणारा आणि लुटला जाणारा, दोघंही खरे कसे?"

"नाही ना. मी कोठी म्हन्लो? पन मंग गोष्ट कायले लिवता? पत्रक लिवा. आत्ता जुळवून देतो."

हे मला तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्या वाक्यातली धोक्याची सूचना मी ऐकायला हवी होती.

कापसाच्या भावासाठी काढायच्या मोर्च्याच्या आधी आमच्या मंचानं एक अंक काढायचं ठरवलं. चाळीस पानांचा, शिवलेला. त्यात लेख, कविता आणि माझी पहिली कथा. चाचांना इतका आनंद झाला की त्यांनी चहाबरोबर भजी मागवली. "माह्या गाइडातली पोट्टी पास झाली," असं भजीवाल्यालाही सांगितलं.

कथेचं नाव 'लाथ'. तिचा गाभा मला मंचातल्या एका पोरानं सांगितला होता. खरेदी केंद्रावर एक ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस. गाडीत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, बोटांत धागा ताणायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या शब्दावर शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं. अशा माणसावर कोणाचं प्रेम असणार? त्या पोराच्या सांगण्यानुसार या ग्रेडरनं एका म्हातारीचा कापूस लाथेनं उडवला होता आणि म्हातारी रडत परत गेली होती. ज्या कापसाला आम्ही लक्ष्मी म्हणतो त्याला लाथ! मला याहून जास्त काही लागत नव्हतं. मी एका बैठकीत कथा लिहिली. खलनायकाला नाव दिलं नाही, पण त्या ग्रेडरचा लहानपणापासून वाळलेला उजवा पाय दिला. घासत चालणं दिलं. मरून रंगाचा मफलर दिला. आणि कथा जिवंत वाटावी म्हणून 'मी' वापरला. 'मी तिथे उभी होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.'

त्या दिवशी मी प्रत्यक्षात यवतमाळला होते, मंचाच्या बैठकीला.

दोन दिवसांनी मी प्रूफ वाचायला गेले. चाचांनी कागद डाव्या हातानं पुढे केला. समासात पेन्सिलीनं एकच खूण होती.

"पयल्या पानावर ह्याचा उजवा पाय वाळेल हाय," ते म्हणाले.

"हो."

"चौथ्या पानावर त्याच पायानं लाथ मारते."

माझी चूक माझ्या लक्षात आली. मी पेन काढलं, चौथ्या पानावरचं 'उजव्या' खोडलं आणि वर लिहिलं, 'डाव्या'.

चाचा त्या शब्दाकडे बघत राहिले. "मंग तो उभा कायच्यावर राह्यला?"

मी पेनाला टोपण लावलं. तेव्हा त्यांनी जे केलं ते मला आजही दिसतं. साठ वर्षांचे ते गृहस्थ मशीनच्या चाकाला धरून उभे राहिले, उजवा पाय लुळा सोडला आणि डाव्या पायानं हवेत लाथ मारून पाहिली. तोल गेला. चाक धरलं नसतं तर पडलेच असते. धापा टाकत म्हणाले, "नाही होत, बेटा."

"चाचा, वाचक इतकं बघत नाही."

"तू तिथं व्हती?"

"नव्हते. पण मला पक्कं माहीत आहे."

"इथं तं लिवलं, मी डोळ्यांनी पाह्यलं."

आणि मी म्हणाले. शब्द असे होते, "चाचा, तुम्हीच शिकवलंत ना, निवेदक म्हणजे लेखक नसतो. ती 'मी' म्हणजे मी नाही. आणि तो पात्र आहे, माणूस नाही."



"हो," चाचा म्हणाले. "शिकवलं म्या."

मग फडक्याला हात पुसले. तो हात पुसून कधी स्वच्छ व्हायचा नाही, तरी पुसला. "त्या म्हातारीले तं इचारून ये. अर्ध्या घंट्याची मोटार हाय तिच्या गावाले."

"परवा अंक यायचाय, चाचा. वेळ कुठे आहे?"

"ठीक हाय. काय छापाचं थे लिवनाऱ्यानं ठरवाचं. जुळारी मंधात येत नाही." त्यांनी 'उ', 'ज' आणि 'व्या' चिमट्यानं उचलले आणि त्या जागी 'डाव्या' बसवला.

अंक आला. बाजारातल्या सभेत मी कथा वाचून दाखवली. 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं' या वाक्याला टाळ्या पडल्या. ते वाक्य मी पुन्हा वाचलं, कारण टाळ्या पडल्या होत्या.

आठवड्याभरात मंचाच्या पोरांनी त्या कथेचं पथनाट्य केलं. एक पोरगा मरून मफलर बांधून पाय घासत यायचा आणि कापसाच्या गाठोड्याला लाथ मारायचा. लोक खदखदा हसायचे, मग चिडायचे. केंद्राच्या आवारात त्या ग्रेडरच्या मागे माणसं तसंच पाय घासत चालू लागली. त्यांच्या मुलीच्या मागे शाळेच्या रस्त्यावर पोरं तशी चालू लागली. तिनं शाळेत जाणं सोडलं. आणि एक दिवस केंद्रावर, गाड्यांच्या रांगेसमोर, कोणीतरी त्यांच्या तोंडाला ट्रॅक्टरचं काळं ऑइल फासलं. मी त्या प्रकाराचं समर्थन करणारं पत्रक लिहिलं. 'हा जनतेचा संताप आहे.' ते घेऊन चाचांकडे गेले.

चाचा नव्हते. छापखान्याला कुलूप होतं. दुपार कलल्यावर आले ते पिशवी खांद्याला लावून, धुळीनं भरलेले. म्हातारीच्या गावी जाऊन आले होते.

"बस," म्हणाले. मी बसले नाही.

"मी तिले इचारलं, मावशी, त्यानं लाथ मारली का? थे म्हन्ते, 'अरे बापा, तो कायची लाथ मारते! माह्या कापूस वला व्हता. आतून कितीक वला हाय म्हनून गंजीवर चढला, पाय अटकला आन तोंडावर पडला. मीच हात देऊन उठवला.' मी म्हन्लो, मंग तुमी रडत कायले व्हत्या? तं म्हन्ते, 'वला कापूस वापस आनाव लागला, रडू नाही तं का नाचू? त्यानं तं मले सांगतलं, वाळवून आना, मी चांगला ग्रेड लावतो. आन लावला त्यानं.'"

मी उभीच होते. माझ्या हातात पत्रक होतं.

"आता?" चाचांनी विचारलं.

छापखान्यात एक रीत असते. पुस्तकात चूक राहिली तर शुद्धिपत्र छापायचं, चिटोऱ्याएवढं, आणि उरलेल्या प्रतींत चिकटवायचं. चाचांनी ते माझ्यासमोर जुळवलं आणि एक छाप काढून माझ्या हातात दिली. 'पान चार. "लाथ मारली" ऐवजी "पाय अडकून पडला" असे वाचावे. लेखिका तेथे हजर नव्हती.'

"हे छापू का?"

"मोर्चा चार दिवसांवर आहे, चाचा. आत्ता हे छापलं तर लोक म्हणतील, सगळं आंदोलनच खोटं."

"आंदोलन खरं हाय. लाथ खोटी हाय. ह्या दोन गोष्टी हायेत, बेटा."

"मोर्चा झाल्यावर बघू."

"तुह्या परवानगीबिगर मी छापनार नाही. लिवनाऱ्याच्या शब्दाले हात नाही लावला कधी."

मोर्चा झाला. मोठा झाला. मी परवानगी दिली नाही. नंतर चाचा मला म्हणाले, शुद्धिपत्र राहू दे, माझ्याबरोबर त्या माणसाच्या घरी तरी चल. मी म्हणाले, मी व्यवस्थेच्या माणसाची माफी मागणार नाही. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी कामाचं कारण सांगितलं. तिसऱ्यांदा ते आमच्या घरी आले. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच. आई चहा ठेवू लागली तर नको म्हणाले. दारातच उभं राहून मला म्हणाले, "मी चाललो मंग. खिळे म्या जुळवले व्हते."

ते गेले. जिनं कथा लिहिली ती घरात बसली आणि ज्यानं खिळे जुळवले तो माफी मागायला गेला. त्या घरात काय बोलणं झालं, दार उघडलं की नाही, हे मला माहीत नाही. चाचांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. दिग्रसच्या एसटी स्टँडवर मी पत्रकं वाटत होते. पुसदची गाडी लागली होती. तिच्या मागच्या शिडीवर चाचा चढत होते, खांद्यावर लोखंडी ट्रंक. खाली ते ग्रेडर उभे होते, शेजारी त्यांची मुलगी, दोन बोचकी, एक सायकल. बदली करून घेतली होती त्यांनी. कंडक्टर ओरडत होता, "ओ चाचा, उतरा खाली, पडसान!" आणि चाचा वरून म्हणत होते, "मी नाही पडत. तू घंटी नको मारू म्हन्जे झालं." ट्रंक टपावर ठेवून, दोरीनं बांधून ते एकेक पायरी चाचपत उतरले. उतरताना त्यांचं तोंड माझ्या बाजूला झालं.

मी रसवंतीच्या गाडीमागे सरकले.

त्यांनी मला पाहिलं की नाही हे मी कितीदा तरी स्वतःला विचारलं आहे. बहुतेक पाहिलं. त्या मुलीनं खिडकीतून हात बाहेर काढला, चाचांनी तो धरला, गाडी हलली तशी चार पावलं बरोबर चालले आणि सोडला. गाडी गेल्यावरही ते रिकाम्या फलाटावर बराच वेळ उभे होते. मी रसवंतीमागे उभी होते. एवढा वेळ होता मला. पन्नास पावलांचं अंतर होतं. उसाच्या चोथ्यावर माश्या घोंघावत होत्या आणि मी हातातली पत्रकं छातीशी धरून त्या मोजत होते. मग चाचा बाजाराच्या बाजूला चालू लागले आणि गर्दीत दिसेनासे झाले.

छापखाना पुढे बंद झाला. चाचा गेल्याचं मला वर्षभरानं कळलं, तेही एका लग्नात, दुसऱ्याच कुठल्या बोलण्यात.

आता जे मागायचं आहे ते मागते. 'लाथ' हे पथनाट्य अजून होतं. कळंबला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी ते या हिवाळ्यात पाहिलं. मफलर बांधलेला एक पोरगा पाय घासत आला आणि पोरं हसली. त्या पोराला माहीत नव्हतं की तो कोणाची नक्कल करतो आहे. ते ग्रेडर आज हयात आहेत, याच यवतमाळ जिल्ह्यात राहतात, आणि त्यांच्या मुलीची मुलं आता शाळेत जातात. तुमच्या गावात, तुमच्या मंडळात, तुमच्या कॉलेजात हे नाटक बसत असेल तर ते बंद करा. लेखिकेची परवानगी नाही, असं सांगा. कोणी ऐकलं नाही तर प्रयोगाच्या वेळी उठून उभे राहा आणि मोठ्यानं सांगा की त्या माणसानं लाथ मारली नव्हती, तो पडला होता, आणि ज्या म्हातारीचा कापूस होता तिनं त्याला हात दिला होता.